सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी: कोण कोणाबरोबर नांदेल आणि कोणी आधी यायचं

गोड्या पाण्याच्या टाकीत एखादा मासा चुकीचा निघाला तर जाळी घालून पाच मिनिटांत काढता येतो. समुद्री टाकीत तसं होत नाही. आत चाळीस-पन्नास किलो खडक रचलेले असतात, त्यांच्या कपारींत दोन इंची मासा शिरतो आणि प्रत्येक कपार त्याला पाठ असते. माझ्या टाकीतला एक निळा डॅमसेल (छोटा पण भांडखोर मासा) बाहेर काढायला मला अख्खा रविवार लागला. सगळे खडक एकेक करून बादल्यांत ठेवले आणि पाणी वीतभर उरेपर्यंत ड्रममध्ये उपसलं, तेव्हा कुठे तो हाती लागला. तोवर त्यानं दोन गोबी मासे मारले होते आणि तिसऱ्याचं शेपूट कुरतडलं होतं.

तो टाकीत सगळ्यात आधी आला होता. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हावेत म्हणून 'स्वस्तातले चार डॅमसेल सोडा, पाणी सेट होईल' असा सल्ला एका दुकानात मिळाला आणि मी तो मानला. दोन महिन्यांत चाराचा एक उरला, आणि त्याच्या लेखी पूर्ण सहा फूट त्याचे झाले. नंतर आलेला प्रत्येक मासा त्याच्यासाठी घुसखोर होता.

प्रवाळखडकांवरचे बहुतेक मासे हद्द राखून जगतात. त्यामुळे समुद्री टाकीत कोण आहे याइतकंच कोण आधी आलं यालाही महत्त्व असतं. तीच गल्लत तुमच्या हातून होऊ नये म्हणून पहिला मासा घेण्याआधीच पूर्ण यादी आणि क्रम कागदावर ठरवा. तो कसा ठरवायचा, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १: आपल्याकडे नक्की किती जागा आहे ते मोजा

उदाहरणाला ६ × २ × २ फुटांची टाकी घेऊ. २४ घनफूट म्हणजे साधारण ६८० लिटर. पण वाळू, खडक आणि वरची मोकळी पट्टी वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ५५० लिटरच्या आसपास भरतं. औषधाचं प्रमाण काढताना आणि मासे किती ठेवायचे हे ठरवताना हाच आकडा धरा. भरलेल्या टाकीचं वजन पाऊण टनाच्या पुढेच जातं. फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर जागा ठरवताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला नक्की विचारा.

माशांसाठी लिटरपेक्षा लांबी मोलाची असते. टँग नावाचा मासा दिवसभर खडकांवरून पोहत शेवाळ खुडत फिरतो, त्याला सरळ रेषेत पोहायला जागा लागते. चौकोनी चार फुटी टाकीत तेवढंच पाणी मावलं, तरी सहा फुटी टाकी त्याला जास्त मानवते.

'इतक्या लिटरला इतके इंच मासा' हा हिशेब सोडून द्या. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, आणि खाणं, विष्ठा, लागणारा ऑक्सिजन हे सगळं त्या वजनावर ठरतं. दहा सेंटिमीटरचे दोन मासे आणि वीस सेंटिमीटरचा एक मासा यांचा पाण्यावरचा भार सारखा नसतो. मासा दुकानात आज केवढा आहे ते विसरा. यादीत त्याच्या नावापुढे पूर्ण वाढ झाल्यावरची लांबीच लिहा.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार याच पायरीला करा. एप्रिल-मेमध्ये मुंबई-ठाण्यात पंपाच्या उष्णतेसकट टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. या माशांना २५ ते २७ अंश मानवतात. म्हणजे चिलर, पाणी थंड ठेवणारं यंत्र, हवाच. वीज गेल्यावर निदान एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर चालेल अशी सोयही हवी. ही सोय नसेल तर यादी आखूड ठेवा.

पायरी २: कायद्यानं काय ठेवता येत नाही ते आधी खोडा

भारतात २००१ मध्ये दगडी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोड्यांचं अख्खं कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. एखाद्या दुकानात जिवंत पोवळं किंवा समुद्रघोडा विकायला दिसला, तरी तो घेणं गुन्हा आहे. पोवळ्याचे मेलेले तुकडेही नकोत. खडकांसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंट-वाळूचे कृत्रिम दगड मिळतात. चार-सहा महिन्यांत त्यांच्यावर जांभळट थर चढायला लागतो आणि ते खरे दिसू लागतात.

याचा माशांच्या निवडीशी थेट संबंध आहे. इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते परदेशात पोवळी पाळणाऱ्यांसाठी केलेले असतात. त्यात 'रीफसेफ नाही' म्हणून खोडलेले कितीतरी मासे आपल्या टाकीत चालतात, कारण त्यांनी खावं असं पोवळंच आपल्याकडे नसतं. पण याची उलट बाजूही बघा. मेलन बटरफ्लाय किंवा ऑर्नेट बटरफ्लायसारखे मासे जिवंत पोवळ्यांवरच जगतात. आपल्या टाकीत ते उपाशी मरतात, मग दुकानात कितीही सुंदर दिसोत.

स्वतः समुद्रातून मासे धरून आणायचा मोहही टाळा. मालवणला स्नॉर्केलिंग करताना पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे झुंडीनं भोवती येतात, ते सार्जंट मेजर. तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय हा मासाही डॅमसेलच्याच कुळातला, मोठा झाला की टाकीत कोणाला टिकू देत नाही.

पायरी ३: टाकी मवाळ माशांची की शिकाऱ्यांची?

दोन्ही जमवायला जाऊ नका. जो मासा तोंडात मावतो तो खाल्ला जातो, इतका साधा नियम आहे. लायनफिश संथ आणि शांत दिसतो, कोणाशी भांडत नाही, पण रात्रीत तीन छोटे कार्डिनल मासे गायब करतो. आपल्या कोकणात ज्यांना हेकरू म्हणतात त्या ग्रूपरची पिल्लं दुकानात चार इंचांची असतात. वर्षभरात त्यांच्या तोंडाचा घेर बघा.

शिकाऱ्यांचीच टाकी करायची असेल तर सहा फुटांत फझी ड्वार्फ लायनफिश, एक फॉक्सफेस आणि एक हेनिओकस अशी मोजकी मंडळी ठेवा. लायनफिशबरोबर पफर किंवा ट्रिगर ठेवू नका, ते त्याचे लांब पर कुरतडतात. क्लाऊन ट्रिगर तर अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी जवळपास कोणालाही सहन करत नाही. लायनफिश आणि फॉक्सफेस दोघांच्याही पाठीचे काटे विषारी असतात. काटा टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. घरात लहान मुलं असतील तर लायनफिशचा विचार सोडून द्यावा असं मला वाटतं.

पुढचं सगळं मवाळ टाकीबद्दल लिहितो, कारण बहुतेक घरांना तीच शोभते.

पायरी ४: प्रत्येक नावावर हेच प्रश्न

यादीत नाव लिहिण्याआधी पाहा: तो टाकीच्या कोणत्या थरात राहतो? खातो काय? झोपतो कुठे? आणि रंगानं, आकारानं यादीतल्या कोणासारखा दिसतो का?

शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. माशाला स्वतःसारखा दिसणारा मासा सगळ्यात जास्त खुपतो, कारण तोच त्याच्या खाण्यावर आणि जोडीदारावर हक्क सांगणार असतो. म्हणून एकाच वंशाचे दोन टँग, दोन ड्वार्फ एंजल किंवा दोन वेगळ्या जातींचे क्लाऊनफिश एकत्र नकोत. उंच चपट्या अंगाचा यलो टँग आणि लांबट अंगाचा ब्लू टँग सहसा एकमेकांना सोडून देतात. यलो टँग आणि पर्पल टँग यांची बांधणी सारखी असते, त्यामुळे त्यांची जुंपतेच.

थर वेगळे असले की गर्दी जाणवत नाही. गोबी तळाला, कार्डिनल मधल्या पाण्यात खडकांच्या सावलीत, टँग वर मोकळ्यात. झोपायच्या जागाही वेगळ्या लागतात. हॅलिकोरेस वंशाचे रास मासे वाळूत पुरून घेऊन झोपतात, त्यांना निदान दोन-तीन इंच बारीक वाळू हवी. माझ्याकडचा मेलॅनुरस रास नवा आला तेव्हा सोडल्या सोडल्या वाळूत शिरला तो तीन दिवस दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी खडकाशेजारची वाळू हलली, आधी डोळे बाहेर आले, मग हिरवं-निळं अंग. असा मासा मेला समजून वाळू उकरू नका.

पायरी ५: माझी यादी

सहा फुटांसाठी मी ही मंडळी सुचवतो: ओसेलारिस क्लाऊनफिशची जोडी, पाच पाजामा कार्डिनल, एक वॉचमन गोबी, एक मेलॅनुरस रास, एक कोरल ब्यूटी (पोवळं नव्हे, ड्वार्फ एंजल मासा), एक फॉक्सफेस आणि एक यलो टँग. यलो टँग बजेटबाहेर गेला तर त्याचाच भाऊबंद स्कोपास टँग घ्या, रंगानं तपकिरी पण वागण्यात तोच. असे बारा मासे झाले. पहिल्या नजरेला टाकी रिकामी वाटेल. वर्ष-दीड वर्षानं वाटणार नाही.

क्लाऊनफिश घेताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्या. हे मासे जन्मतात तेव्हा सगळे नर असतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. आकारातला फरक उघड असला की हा निवाडा लवकर होतो. दोन्ही सारखे असले तर आठवडाभर चावाचावी चालते. मरून क्लाऊन मात्र घेऊ नका, त्याची मादी टाकीतला अर्धा भाग बळकावते.

शक्य तिथे टाकीत पैदास झालेले मासे मागा. क्लाऊनफिशची पैदास आता आपल्याकडेही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र विकसित केलं आहे. यलो टँगची पिल्लं २०१५ मध्ये हवाईत पहिल्यांदा टाकीत वाढवली गेली आणि आज बाजारात तशी पिल्लं मिळतात. असे मासे दाणे ओळखतात आणि प्रवासात कमी खचतात. शिवाय त्यांच्यासाठी कोणी खडकांवर सायनाइड फवारलेलं नसतं. आग्नेय आशियात काही ठिकाणी तसे मासे धरले गेले आहेत, आणि ते वरून धडधाकट दिसूनही काही आठवड्यांत मरतात.

पायरी ६: दुकानात हमखास दिसणारे, पण नको ते

मँडरिन मासा रांगोळीसारखा दिसतो. तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत ते नसतातच. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, निरोगी टाकीत त्याची उपासमार होते. मूरिश आयडॉल अनुभवी लोकांकडेही टिकत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा हेनिओकस चिवट आहे, हौस त्याच्यावर भागवा. सिक्सलाइन रास लहान असला तरी नव्यांना छळतो. ग्रीन क्रोमिसचा थवा दिसतो छान, पण टाकीत त्यांच्यातला दांडगा एकेकाला टोचून संपवतो आणि सातांचे दोन उरतात. एंपरर एंजलचं निळं-पांढरं गोल रेघांचं पिल्लू मोहात पाडतं, पण ते चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातं.

डॅमसेलबद्दल वर लिहिलंच आहे. टाकी तयार करायला त्यांची गरज नाही. सोललेल्या कच्च्या कोळंबीचा तुकडा किंवा अमोनियम क्लोराइडचे थेंब तेच काम करतात. चार ते सहा आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी पहिल्या माशाला तयार झाली.

पायरी ७: क्रम

सगळ्यात भित्रा आधी, सगळ्यात दांडगा शेवटी. माझा क्रम असा: कार्डिनल आणि गोबी, मग क्लाऊनफिशची जोडी, मग रास, त्यानंतर फॉक्सफेस, मग कोरल ब्यूटी आणि सगळ्यात शेवटी टँग. क्लाऊनफिश हे डॅमसेलच्याच कुळातले, त्यामुळे त्यांना पहिला मान देऊ नये.

प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये महिनाभर तरी जाऊ द्या. नव्या माशांचा भार उचलायला जिवाणूंना वेळ लागतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि इतक्या पीएचला थोडा अमोनियाही जास्त घातक ठरतो. म्हणजे बारा मासे यायला सहा-सात महिने. हा काळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही. टाकीत पाच कार्डिनल आणि एक गोबी एवढेच होते तेव्हा मी त्यांना जितकं बघितलं, तितकं नंतर कोणाला बघितलं नाही.

पायरी ८: दुकानात उभं राहून

मासा पसंत पडला की दुकानदाराला 'याला खायला घाला' म्हणा. खात नाही तो मासा घेऊ नका, सवलत मिळाली तरी. पोट आत गेलेलं आणि डोळ्यांच्या वर, पाठीलगत मांस खपलेलं असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले भराभर हलताहेत, अंग वाळूवर घासतोय, परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत, तर त्या टाकीतला दुसराही मासा घेऊ नका. मासा नुकताच आलेला असेल तर इसार देऊन दोन आठवडे तिथेच राहू द्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट विचारा: तुमच्या पाण्याची खारटाई किती? परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून पुष्कळ दुकानं विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तुमच्या टाकीत १.०२५ असेल आणि मासा थेट तिकडे गेला तर त्याला तो चढ सोसत नाही. क्वारंटाइनचं, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टबातलं, पाणी दुकानाएवढंच ठेवा आणि चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा.

पायरी ९: क्वारंटाइन

याला सूट नाही. ६०-८० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर, हिटर, वर झाकण, आणि लपायला पीव्हीसी पाइपाचे एल्बो. वाळू आणि दगड नकोत, ते औषध शोषतात. निदान तीस दिवस.

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, ज्याला सगळे 'इच' म्हणतात, तो समुद्री टाक्या उद्ध्वस्त करतो. त्याचा परजीवी अंगावरून गळून पडतो, वाळूवर-दगडांवर कोशात वाढतो आणि पुन्हा मासा शोधतो. औषध लागू पडतं ते हा परजीवी मोकळा पोहत असतानाच. ठिपके दिसेनासे झाले म्हणजे आजार गेला असं धरू नका. तांब्याचं औषध वापरायचं तर बाटलीवरच्या प्रमाणात, टेस्ट किटनं रोज मोजून, आणि फक्त क्वारंटाइनमध्ये. मुख्य टाकीत ते गेलं तर कोळंब्या, शंख सगळे जातात. मुख्य टाकीत आजार शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अकरा आठवडे बिनमाशांची ठेवावी लागते. टँगांना हा आजार सगळ्यात लवकर धरतो.

या महिन्यात माशाला तुमच्या खाण्याची सवय लावा. टँग आणि फॉक्सफेसला बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्या. बाकीच्यांना मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा ताजी कोळंबी बारीक चिरून.

पायरी १०: सोडण्याचा दिवस

टँगला जाळीनं धरू नका. त्याच्या शेपटीच्या बुडाशी पात्यासारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो, मासाही फाटतो आणि तुमचा हातही. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा वापरा.

आदल्या संध्याकाळी दोन-चार खडक हलवून ठेवा. जुन्या माशांच्या हद्दी विस्कटल्या की सगळेच थोडे नवे होतात. नव्याला आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच तीन-चार दिवस ठेवा, बाकीच्यांना त्याला बघू द्या. डब्यावर धडका मारणारा कोण हे तिथेच कळतं. सोडताना दिवे बंद करा, आणि त्याआधी जुन्यांची पोटं भरा.

पाठलाग झाला तर घाबरू नका, दोन दिवस तो चालतोच. माझ्याकडे कोरल ब्यूटी शेवटी आलेल्या टँगच्या मागे लागली तेव्हा मी दाढीचा आरसा बाहेरून काचेला चिकटवला. दीड दिवस ती आरशातल्या स्वतःशीच भांडत राहिली. तेवढ्यात टँगनं दुसऱ्या टोकाची कपार धरली. आरसा काढला तेव्हा ती एकदा तिकडे गेली, कल्ले फुगवले आणि परत फिरली.

पर फाटले, नवा मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी अडकून राहिला किंवा खाणं सोडलं, तर मात्र वाट पाहू नका. दांडग्याला काढा, नव्याला नको. नव्याला काढलं तर पुढच्या वेळी तेच होणार. काढायला काचेला टेकवून ठेवता येणारा सापळ्याचा डबा मिळतो. त्यात दोन-तीन दिवस दार न लावता खाणं ठेवा, मासा निर्धास्त झाला की दोरी ओढा. खडक उपसायची वेळ येत नाही.

आणि नोरीच्या क्लिपा दोन ठेवा, टाकीच्या दोन टोकांना. एका क्लिपवर टँग बसला की फॉक्सफेस दुसऱ्या टोकाला खातो.